ओढ्याकडचा गोल

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या तीन आठवड्यांत मानांकनातले पहिले तीनही संघ माळवड्याच्या मैदानावर हरले. माळवड्याच्या कॉलेजने त्यापूर्वी शहरातल्या एकाही संघाला कधी हरवलेले नव्हते. तीन सामन्यांत मिळून त्यांनी सात गोल केले, आणि सातही गोल मैदानाच्या एकाच टोकाला, ओढ्याकडच्या गोलात झाले.

त्यांतल्या तिसऱ्या सामन्याला मी हजर होते. आमच्या कॉलेजची बस कोल्हापूरहून सकाळीच निघाली होती. मी त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि माझा मुलगा पारस तिथेच दुसऱ्या वर्षाला होता. तो संघाचा गोलकीपर होता. मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलने पुढे होतो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि पारस ओढ्याकडच्या गोलात जाऊन उभा राहिला.

"आता बसा निवांत मॅडम," डकरे सर म्हणाले. ते आमचे क्रीडाशिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात चुरगळलेली टोपी. "आधीच्या दोन्ही कॉलेजांनी हितं माती खाल्ली, ती माजामुळं. आपला कीपर जिल्ह्यात एक नंबर आहे. ह्यांच्या बापाच्यानं गोल होत नाही."

पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी टोपी पिळली. दुसरा झाल्यावर त्यांनी टोपी आपटली. तिसरा गोल फार लांबून झाला. चेंडूला जोर नव्हता. पारस वेळेवर झेपावला, पूर्ण लांब झाला, आणि त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून चेंडू खांबाच्या आत गेला.

"अरे काय करतंय हे पोरगं! शाळेतलं पोर धरंल असला बॉल! आणि हा सोडतोय!" डकरे सर ओरडले.

पारस जमिनीवर पडूनच खांबाकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे काही दिसत नव्हते. उत्तर चुकले आहे पण पायरी सापडत नाही, अशा वेळी विद्यार्थी फळ्याकडे पाहतात तसा तो पाहत होता.

गावकऱ्यांनी गुलाल उधळला. ओढ्याच्या बाजूला, गोलाच्या दुसऱ्या खांबालगत, एक जुने वारूळ होते. त्याच्यावर हळदकुंकू होते आणि त्याच्याभोवती पोरे नाचू नयेत म्हणून एक म्हातारा काठी घेऊन उभा होता. लोखंडी खांब नवे होते. आडव्या खांबावर निळ्या अक्षरांत लिहिले होते : कै. आदगोंडा पाटील यांच्या स्मरणार्थ.

आदगोंडा पाटील म्हणजे माझे वडील. माळवडे हे माझे माहेर.

आमच्या बसमागे उभ्या असलेल्या शहरातल्या पोरांनी ती अक्षरे मोठ्याने वाचली. मग त्यांच्यातला एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "भाच्यानं मामाला मॅच दिली बघ. आज्जाच्या नावाचा मान राखला लेकानं."

---

इथे स्पर्धेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. तोवर विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेत तीन विभाग असत. शहरातली कॉलेजे शहरात खेळत, तालुक्यांतली तालुक्यांत, आणि शेवटी तिन्ही विजेते एकमेकांशी खेळून शहराचा संघ जिंकत असे. त्या वर्षी हे विभाग मोडले. त्यांच्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट आले. ‘अ’ गटात आठ संघ, त्यांपैकी किमान दोन ग्रामीण भागातले असावेत असा नियम झाला. आठवी जागा माळवड्याला मिळाली. शहरात याची पुष्कळ चेष्टा झाली. ऊस तोडून उरलेल्या वेळात खेळणारा संघ, असे लोक म्हणत.

पहिली फेरी संपल्यावर तळाचे दोन संघ ‘ब’ गटात जाणार होते. क्रम ठरवण्यासाठी मानांकनाची पद्धत हवी होती. मला आकडेमोड येते असा विद्यापीठात समज होता, म्हणून ते सूत्र मी तयार केले. मागच्या पाच वर्षांचे निकाल, गोलांतला फरक, प्रतिस्पर्ध्याची ताकद, घरचे मैदान की परके, अशा गोष्टींना त्यात वजन दिले होते. दर सोमवारी स्थानिक वर्तमानपत्रात ते छापून येई. हंगामाच्या आरंभी माळवडे आठवे होते.

पहिला अनपेक्षित निकाल लागला तेव्हा मी लक्ष दिले नाही. असे निकाल लागतातच. दुसऱ्यानंतर डकरे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित माळवड्याच्या ओढ्यात वाहून गेलं बघा." सगळे हसले. मीही हसले असेन. तिसऱ्यानंतर मी ते तीनही निकाल एकत्र लागण्याची शक्यता काढली. ती इतकी कमी होती की योगायोग म्हणून सोडून देता येईना. इतकी कमी शक्यता असलेली गोष्ट घडली, तर दोन अर्थ संभवतात. सूत्र चुकले असेल, किंवा सूत्रात नसलेले काहीतरी मैदानावर असेल.

शहराने दुसरा अर्थ घेतला, आणि ते काहीतरी म्हणजे माझा मुलगा असे ठरवले. पहिले दोन संघ बेसावध होते, हे सर्वांना मान्य होते. आम्हांला मात्र आधीच इशारा मिळालेला होता. आमचा कीपर सर्वांत चांगला होता. आणि त्याचे आजोळ माळवडे होते.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी एक ताट ठेवलेले होते. त्यात नारळ, टोपी आणि उपरणे होते. वर चिठ्ठी : ‘भाच्याला आहेर’. पारसने ते माझ्या आधी पाहिले होते. तो पायरीवर बसून बुटांना लागलेला गुलाल काडीने खरवडत होता.

"आई, हे आत घ्यायचं का?" त्याने विचारले.

"ठेव तिथंच. मी बघते."

टोपी आणि उपरणे मी मोलकरणीला दिले. नारळ चांगला होता. चटणीला वापरला.

---

आमच्या प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तिची बैठक पुढच्या सोमवारी होणार होती. डकरे सरांनी मला जिन्यात गाठले.

"मॅडम, मी पोराच्या विरोधात नाही. पण मला विचारतील, तेव्हा मी काय सांगू? मी स्वतः बघितलंय. जागेवर उभा राहून सोडलाय त्यानं बॉल."

"सोडला, की हाताला लागला नाही?"

"जिल्ह्यातल्या एक नंबर कीपरच्या हाताला लागत नाही, म्हणजे सोडलाच की. तुम्ही विज्ञानवाल्या. तुम्हीच सांगा मला."

"समिती काय करेल?"

त्यांनी शिट्टी खिशात घातली, परत बाहेर काढली. "संघातनं काढतील. ते एक असू द्या. दाखल्यावर वर्तनाचा शेरा मारायचा म्हणतायत. तसं झालं तर पुढं कुठलं कॉलेज घेणार त्याला? मी म्हटलं, पोर कबूल झालं तर शेरा नको. माफी मागू दे, विषय संपवू. तुम्ही बोला त्याच्याशी."

मी बोलले. पारसचे वडील बँकेच्या बदलीमुळे बेळगावला होते आणि शनिवारी येत, त्यामुळे घरात आम्ही दोघेच होतो. तो ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

"तू मुद्दाम सोडलास का?" मी विचारले.

"तुला काय वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. मी विचारते आहे."

"मग नाही."

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे तुझं म्हणणं कळलं."

तो हसला. "तू असं बोलतेस ना आई, तेव्हा डकरे सर बरे वाटतात. ते निदान शिव्या तरी देतात."

त्या दिवसांत मला बरेच काही सुचत नसे. मी वर्गात शिकवत होते, प्रयोगवह्या तपासत होते, आणि या सगळ्याच्या नि माझ्या मधे काच असावी तसे वाटत होते. पारस खोटे बोलत असेल ही शक्यता मी शून्य धरलेली नव्हती. शून्य धरायला माझ्याकडे आधार नव्हता. हे त्याला ठाऊक होते.

"डकरे सर म्हणतात, कबूल झालास तर दाखल्यावर शेरा येणार नाही," मी म्हणाले.

"मग होतो कबूल."

"न केलेल्या गोष्टीची कबुली?"

"मला पण कळत नाही ना मी काय केलं ते!" त्याने ताट सरकवले. "मी मधोमध होतो. तिन्ही वेळा मधोमध होतो. तू शिकवलंस तसाच. ध्रुव समोर, कोन निम्मा. बॉल कुठं येणार ते मला दिसत होतं. हात पोहोचायला पाहिजे होता. पोहोचला नाही."

ध्रुव हा आमच्या घरातला शब्द होता. पारस चौदा वर्षांचा असताना गच्चीवर खडूने गोल आखून मी त्याला कीपरची भूमिती समजावली होती. चेंडूपासून दोन्ही खांबांना रेषा काढायच्या. त्या कोनाच्या दुभाजकावर उभे राहायचे. पण सामन्यात खांब पाठीमागे असतात. वळून पाहिले तर तेवढा वेळ चेंडू दिसत नाही. म्हणून खांबांकडे पाहायचे नाही. समोर पेनल्टीचा ठिपका असतो, तो गोलाच्या बरोबर मध्यासमोर असतो. दोन्ही बाजूंना चौकटीच्या रेषा असतात. त्या खुणांवरून आपली जागा ठरवायची. त्याने त्या ठिपक्याला ध्रुव नाव दिले. चांगले शिकलेले सगळेच कीपर असेच करतात, कोणी कमी कोणी जास्त. पारस पूर्णपणे तसे करत असे. खेळताना तो कधीही मागे पाहत नसे. जिल्ह्यात त्याचे नाव झाले ते त्यामुळेच.

"तीनही गोल कुठून गेले?" मी विचारले.

"उजवीकडनं. खांबाच्या आतून."

"तीनही?"

"तीनही. म्हणूनच म्हणतात ना, ठरवून सोडले म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी आधी हरलेल्या दोन कॉलेजांतल्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केले आणि त्यांच्या कीपरना एकच प्रश्न विचारायला सांगितला. दोघांची उत्तरे संध्याकाळपर्यंत आली. चारही गोल उजव्या हाताला, खांबाच्या आतून. एकाने वर असेही सांगितले होते की, त्या मैदानावर करणी केलेली आहे, मॅडमना सांगा.

तिघेही काही एकाच मामाचे भाचे नव्हते. त्या संध्याकाळी, सामन्यानंतर पहिल्यांदा, मी पारसच्या म्हणण्याची शक्यता बरीच वाढवली. त्याला तसे सांगितले नाही. अजून कारण हातात नव्हते.

---

रविवारी सकाळी आम्ही दोघे एसटीने माळवड्याला गेलो. घरी कळवले नव्हते. कॉलेजच्या मागे मैदान मोकळे होते. दोन शेळ्या मध्यरेषेवर चरत होत्या. आदल्या दिवशी सरावासाठी मारलेल्या रेषांची फक्की अजून पांढरी होती.

"तू त्या दिवशी उभा होतास तिथं उभा राहा," मी म्हणाले.

"आई, कशाला हे?"

"राहा."

तो ओढ्याकडच्या गोलात गेला. दोन पावले पुढे आला, ठिपक्याकडे पाहिले, थोडा डावीकडे सरकला, थांबला. हात पसरले. मी त्याच्या समोर, ठिपक्यावर उभी होते. तिथून तो बरोबर दिसत होता. ठिपका, तो, सहा यार्डांच्या चौकटीच्या दोन्ही बाजू, सगळे जुळत होते. मग मी चालत गोलाच्या मागे गेले आणि जाळीतून पाहिले.

"मधोमध उभा राहा," मी म्हणाले.

"मधोमधच आहे."

"नाहीस."

"आई, मी पाच वर्षं हेच करतोय. मी मधोमध आहे."

"मागे वळून बघ."

तो वळला नाही. त्याला ते सवयीनेच जमत नव्हते. मी पुन्हा म्हणाले तेव्हा त्याने मान फिरवली, आधी डावीकडच्या खांबाकडे, मग उजवीकडच्या. मग पुन्हा डावीकडच्या. नंतर तो वळून समोर ठिपक्याकडे पाहू लागला.

"ठिपका चुकलाय," तो हळूच म्हणाला.

"एक तर ठिपका, नाहीतर गोल. मापल्याशिवाय सांगता येणार नाही."

तेवढ्यात रस्त्याकडून मोटारसायकल आली. माझा धाकटा भाऊ भूपाल. गावात त्याचे वेल्डिंगचे दुकान होते. ग्रिल, गेट, शेड अशी कामे तो करत असे. वडिलांच्या नावाचे ते खांब त्यानेच करून दिले होते.

"अक्का? हितं उन्हात काय करायलीस? तुला एसटीतनं उतरताना शेजारच्या शिरपानं बघितलं म्हणून कळलं. घरला न येता मैदानावर? आणि ह्यो बघा आमचा वाघ!" त्याने पारसच्या पाठीवर थाप मारली. "नाराज हाईस व्हय रं? अरं, खेळात हार-जीत हुतीया. मामाच्या गावाला जिंकू दिलंस, पुण्य लागलं तुला."

मी विचारले, "भूपाल, दुकानात टेप आहे का?"

"किती फुटी?"

"मोठ्यात मोठी."

"शंभर फुटी हाय गाडीतच. काय मापायचंय?"

"हा गोल."

भूपालला राग आला. "त्यो काय मापायचा? विद्यापीठाचा साहेब यिऊन मापून गेलाय. चोवीस फूट आतनं आत, आठ फूट उंच. एक सूत हिकडं तिकडं न्हाई. आप्पांचं नाव हाय त्यावर. त्यात चूक करीन व्हय मी?"

"रुंदी बरोबरच असणार. मला जागा मापायची आहे."

त्याने टेप आणली. मैदानाच्या त्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने दगड पुरलेले होते. आमच्या लहानपणापासून तिथेच होते. पारसने टेपचे टोक दगडावर धरले. एका कोपऱ्यापासून जवळच्या खांबापर्यंतचे अंतर आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून त्याच्या जवळच्या खांबापर्यंतचे अंतर सारखे यायला हवे होते. वारुळाच्या बाजूचे अंतर पाच फुटांनी जास्त भरले. आम्ही पुन्हा मापले. तेवढेच. म्हणजे अख्खा गोल वारुळापासून दूर, कीपरच्या उजव्या हाताकडे, अडीच फूट सरकलेला होता. फक्कीच्या सगळ्या रेषा, आणि ठिपका, जुन्या जागी होत्या.

"हां, त्ये व्हय," भूपाल म्हणाला. "त्ये सरकवलंय."

त्याने हे इतक्या सहज सांगितले की पारसने टेप खाली सोडली.

"कोणी सरकवलं?"

"मीच की. आता ‘अ’ गटात घेतलं तर विद्यापीठ म्हणालं, लाकडी खांब चालायचे न्हाईत, लोखंडी पायजेत, श्रावणातच पायजेत. आम्ही जुने उपसले. तर ह्या बाजूच्या खांबाच्या बुडाला वारूळ वाढल्यालं. बुडालाच. लोखंडी खांबाला काँक्रीट पायजे, दोन-दोन फुटाचा खड्डा पायजे. आणि आठवडा कुठला? पंचमीचा." तो माझ्याकडे वळला. "तू इसरलीस व्हय अक्का? पंचमीला आपल्यात नांगर धरत न्हाईत, विळीवर भाजी चिरत न्हाईत, तवा ठेवत न्हाईत चुलीवर. आणि मी देवाचं वारूळ खणू? मजुरांनी कुदळी टाकल्या नि गेले. मग म्हटलं, जाऊ दे, दोन्ही खांब थोडं तिकडं घ्यावं. अंतर आपलं चोवीसच ठिवलं."

मी विसरले नव्हते. याच वारुळाभोवती आम्ही मुली पंचमीला फेर धरत असू, लाह्या आणि दूध ठेवत असू.

"आणि फक्की?" मी विचारले.

"फक्की कॉलेजचा शिपाई मारतो. कोपऱ्यातल्या दगडावरनं दोरी धरून. ल्हानपणापास्नं तसंच मारतोय त्यो."

"त्याला सांगितलं नाहीस, खांब सरकलेत म्हणून?"

"त्याला काय सांगायचं? गोल गोलाच्या जागी, फक्की फक्कीच्या जागी. मधी कुणाचं काय अडतंय?"

मी त्याला जमिनीवर काडीने आखून दाखवले. कीपर ठिपक्यावरून आपली जागा ठरवतो. ठिपका जुन्या मध्यासमोर आहे. त्यामुळे तो मधोमध उभा आहे असे समजून प्रत्यक्षात अडीच फूट डावीकडे उभा राहतो. उजवीकडे त्याच्या अंदाजापेक्षा अडीच फूट जास्त मोकळे राहते. त्याचा हात जिथे खांब असायला हवा तिथपर्यंत बरोबर पोहोचतो. खांब तिथे नसतो.

भूपाल उकिडवा बसून त्या रेषांकडे पाहत राहिला.

"आणि आमच्या शिद्रामला कसं काय न्हाई झालं तसं?" शिद्राम हा माळवड्याचा कीपर. "त्यो पण त्याच गोलात हुता की पहिल्या हाफला."

"त्याला कोणी शिकवलेलं नाही. तो दर वेळी खांबाला चापट मारून येतो. मी बघितलं त्या दिवशी."

"म्हंजे आमची पोरं…" त्याने वाक्य सोडले. मग जरा वरच्या आवाजात म्हणाला, "आमची पोरं खेळली की गं, अक्का! काय कमी खेळली?"

"खेळली."

"मग?"

"सरावात त्या बाजूला मारलेले आत जात होते. म्हणून ते त्या बाजूला मारू लागले. कारण त्यांनाही माहीत नसेल."

"आता तू हे तिकडं सांगणार."

"हो."

"गावात मला तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई. पहिल्यांदा जिंकलोय आम्ही. पहिल्यांदा."

"निकाल बदलणार नाहीत. गोल झाले ते झाले."

"निकालाचं कोण बोलतंय?" भूपाल म्हणाला. त्याने टेप गुंडाळायला घेतली.

पारस इतका वेळ गोलात उभा होता. त्याने उजव्या खांबाला हात लावला, मग खालून वर आजोबांच्या नावाकडे पाहिले.

"ठिपका जागेवर होता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी बरोबर उभा होतो."

"हो. बरोबर उभा होतास."

त्याला याने बरे वाटेल असे मी गृहीत धरले होते. त्याने फक्त मान हलवली. परतीच्या एसटीत तो खिडकीला डोके टेकून झोपला, किंवा झोपल्यासारखा राहिला.

---

सोमवारी मी समितीपुढे मापे मांडली. डकरे सर दोनदा आकृती उलटी धरून पाहिल्यावर म्हणाले, "आयला!" मग माझी माफी मागून म्हणाले, "मग हे पोरानं आधीच का नाही सांगितलं?"

"त्याला माहीत नव्हतं."

"गोलात उभा राहून माहीत नव्हतं?"

"गोलात उभा होता म्हणूनच."

चौकशी बंद झाली. दाखल्यावर काही आले नाही. विद्यापीठाचा माणूस माळवड्याला पुन्हा गेला. गावाने खांब हलवू दिले नाहीत, तेव्हा कोपऱ्यांतले दगड उपसून अडीच फूट सरकवण्यात आले आणि फक्की नव्या जागी पडू लागली. माळवडे त्यानंतर घरच्या मैदानावर एकही सामना जिंकले नाही. फेरी संपली तेव्हा ते आठवे होते, माझ्या सूत्राने आरंभी सांगितले होते तसे, आणि ‘ब’ गटात गेले. भाऊबिजेला भूपाल आला, ओवाळून घेतले, आणि जेवायला न थांबता गेला.

पारसला संघात परत घेतले. फाटकाशी आहेर ठेवणाऱ्यांपैकी एक जण येऊन त्याला मिठी मारून गेला. पुढच्या सामन्यात मी पाहिले, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन चौकटीजवळ आला की पारस मान वळवून खांब पाहत होता. एकदा डावा, एकदा उजवा. तेवढ्यात चेंडू येत होता. मी त्याला सांगितले की हे मैदान मी स्वतः मापले आहे, ठिपका बरोबर आहे. तो म्हणाला, "माहीत आहे आई." आणि पुढच्या सामन्यातही तो वळून पाहत होता. डकरे सरांनी त्याला शिव्या दिल्या, मग समजावले, मग राखीव कीपरला उतरवले. हंगाम संपण्यापूर्वी पारसने हातमोजे त्या राखीव मुलाला देऊन टाकले. त्याबद्दल आमच्या घरात कधी बोलणे झाले नाही. आज तो पुण्यात असतो, ठीक असतो.

घडले ते असे. पंचमीच्या आठवड्यात वारूळ खणायचे नव्हते, म्हणून गोल अडीच फूट सरकला. फक्की जुन्या दगडांवरून पडली. तपासणाऱ्याने रुंदी आणि उंची मापली, जागा मापली नाही. ज्याला कोणी शिकवले नव्हते तो कीपर खांब चाचपून उभा राहिला. ज्यांना शिकवले होते ते ठिपक्यावर विसंबले, आणि जो सर्वांत पक्का शिकला होता तो सर्वांत जास्त विसंबला.

पारसला मी शिकवले होते.